वारसांना कळवावे

प्रति,
मा. संचालक,
आरोग्य सेवा संचालनालय, गोवा सरकार,
कांपाल, पणजी.

विषय : प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णाचे मुलगे आणि भाऊ यांना लेखी कळवण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

गोव्यात माणूस गेला आणि इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायचा कोर्टातला अर्ज, घातली की त्याच्या वारसांना कोर्टाची नोटीस जाते. मुलगे, मुली, सुना, जावई, सगळ्यांना. एखादा दुबईला असला तरी जाते, आणि जो पंधरा वर्षं चतुर्थीलाही घरी फिरकला नाही त्यालाही जाते. घर, कुळागर, माड, बँकेतली ठेव, डोक्यावरचं कर्ज, सगळं कागदावर येतं. बापाकडून जे आलं ते प्रत्येक वारसाला ठाऊक असलं पाहिजे, असं हा कायदा मानतो. पोर्तुगीज गेले, कायद्याची रीत राहिली. त्यापायी घराघरांत भांडणं होतात खरी, पण मला ती रीत आवडते.

माझ्या वडिलांची इन्व्हेंटरी २००६ साली झाली. ते जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कुळागरातल्या पोफळी मोजायला आम्ही तिघं भावंडं आणि वकिलाचा माणूस पाटाच्या पाण्यातून दिवसभर फिरलो. एका पितळी घंगाळावरून थोरली बहीण आणि वहिनी यांच्यात जे झालं ते इथे लिहीत नाही. घंगाळ यादीत होतं, मोडका पंपसुद्धा होता. बाबांना प्रोस्टेटचा कर्करोग होता, हे मात्र कुठल्याच कागदावरून आमच्यापर्यंत आलं नाही. आम्हा दोघा मुलग्यांना ते कळलं २०२३ साली, थोरल्या भावाला तोच रोग निघाला तेव्हा.

त्याच २००६ साली दादा ४५ वर्षांचा झाला होता. ज्याच्या वडिलांना किंवा भावाला वयाच्या ६५ वर्षांआधी हा रोग झाला, त्याने ४५ व्या वर्षी डॉक्टरांशी तपासणीबद्दल बोलावं, असं अमेरिकन कॅन्सर सोसायटी सांगते. बाबांना झाला तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. म्हणजे दादाने पहिल्यांदा विचारायला हवं होतं ते नेमकं त्या वर्षी, ज्या वर्षी आम्ही बाबांच्या पोफळी मोजत होतो.

मी सत्तरी तालुक्यातला हायस्कूल मास्तर. गणित शिकवतो, दोन वर्षांनी निवृत्त होईन. वैद्यकातलं मला जे कळतं ते गेल्या दोन-तीन वर्षांत वाचून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून त्यांचं डोकं उठवून मिळवलेलं आहे. वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रात हे मावलं नसतं, म्हणून आपल्याला उघड पत्र लिहितो आहे. आधी घरचं सांगतो, कारण मागणं काय ते त्यातूनच कळेल.

१९९८ चा पावसाळा होता. बाबांची कंबर दुखायला लागली. कुळागरात राबणाऱ्याची कंबर दुखते यात बातमी कसली? खोबरेल तेलात कापूर घालून चोळणं झालं, एका जाणत्याचा झाडपाल्याचा लेप झाला. रात्री लघवीला चार-पाच वेळा उठायचे, तेव्हा आई म्हणायची, “पिरायेक लागून तशें जाता.” वयोमानाने होतं तसं. देवळातल्या भजनी सप्ताहात बाबा पखवाजावर असत. त्या वर्षी चालू अभंगात दोनदा त्यांनी पखवाज दुसऱ्याकडे सरकवला आणि देवळामागे गेले. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण देवळामागे त्यांच्या वयाचे आणखी तिघे उभे होते.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मलाही उशिराच कळली. प्रोस्टेट ही पुरुषाच्या शरीरातली ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. तरुणपणी साधारण सालासकटच्या सुपारीएवढी. वय वाढेल तशी बहुतेकांची ती फुगते आणि नळी आवळते, म्हणून रात्रीचं उठणं. ही वाढ कर्करोग नव्हे. कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, तिथे तो वर्षानुवर्षं नळीला धक्काही लावत नाही. म्हणजे देवळामागच्या तिघांना त्रास होता, रोग असेलच असं नाही. आणि ज्याला काहीच त्रास नाही अशा एखाद्याला रोग असू शकतो. लक्षणाची वाट बघणारा माणूस बहुधा हाडापर्यंत वाट बघतो.

बाबांनी तशीच बघितली. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी ते खाटेवरून उठायला गेले, तर पायांत जीव नव्हता. रोग मणक्यात पोचून मज्जारज्जू दाबला गेला होता. इस्पितळात त्यांचे दोन्ही वृषण काढले. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, ते तोडलं की तो काही काळ आकसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्सनी १९४१ मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. इंजेक्शनं ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी आजही हेच ऑपरेशन केलं जातं. बाबांना त्याचा गुण आला. ते काठी घेऊन पुन्हा कुळागरात फिरले आणि आणखी दोन वर्षं जगले.

पण कसलं ऑपरेशन झालं ते त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. बरोबर फक्त काका होते. काकांना त्यांनी सांगितलं, “भुरग्यांक सांगूं नाका.” भुरगीं म्हणजे आम्ही, मी ३१ वर्षांचा, दादा ३७ चा, त्याला दोन मुलं. आम्हाला सांगण्यात आलं की हाडांना कीड लागली. बाबांना दोष देणं सोपं आहे. पण सप्ताहात ज्याच्या पखवाजाची थाप चार गावांत नावाजलेली, त्या माणसाने असं ऑपरेशन झाल्यावर गावात कसं वावरायचं, हा प्रश्न त्यांना त्यांच्या परीने सोडवायचा होता. तो त्यांनी गप्प राहून सोडवला. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, सांगवत नाही.

डिस्चार्ज कार्डावर मात्र सगळं होतं. इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात : ‘सीए प्रोस्टेट’, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग, आणि खाली ऑपरेशनचं नाव. ते कार्ड आईने पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या, फॉर्म एक-चौदाच्या उताऱ्यांखाली घालून ठेवलं. आई मराठी चौथी. तिने ते वाचलं नाही, आम्ही मागितलं नाही. २००६ मध्ये उतारे काढायला ती ट्रंक मीच उघडली होती. कार्ड हाताला लागलं असणार. औषधाचा जुना कागद म्हणून बाजूला ठेवलं असेल. आठवत नाही.

आता दादाचं. साठी जवळ आल्यावर त्यालाही लघवीचा त्रास सुरू झाला. एका खासगी डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तिच्यात दोन औषधं एकत्र असतात : एक नळी सैल करतं, दुसरं ग्रंथी आकसवतं. त्रास कमी झाला. दोन वर्षांत एकदा पीएसए तपासला, तो ३.४ आला. चारच्या आत आहे, नॉर्मल, असं म्हणून चिठ्ठी फाईलला लागली. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणारं प्रथिन, रक्तात ते किती मिळतं यावरून अंदाज बांधायचा असतो. पण ग्रंथी आकसवणारं ते दुसरं औषध सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो. म्हणजे दादाचा ३.४ हा खरा सातच्या आसपास होता. दुप्पट करून बघायचा असतो, हे गणित माझ्या पाचवीच्या वर्गातल्या पोराला जमलं असतं. ते कोणी केलं नाही. आणि दोन वर्षांत त्या दवाखान्यात एकदाही कोणी विचारलं नाही की तुमच्या वडिलांना काय झालं होतं.

विचारलं असतं तरी दादा म्हणाला असता, हाडांचा आजार. तो तसं म्हणालाही. २०२३ मध्ये गोळी चालू असतानाच पीएसए ११ झाला, बायॉप्सी झाली, रोग किती जोरात वाढेल ते सांगणारा ग्लीसनचा आकडा ८ निघाला आणि एका हाडात ठिपका दिसला. तेव्हा कर्करोगाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला. दादाने हाडांचा आजार सांगितल्यावर त्या बाई थांबल्या. म्हणाल्या, “कोणत्या हाडांचा? कागद आहे का घरात?”

मी त्या संध्याकाळी ट्रंक उघडली. आई शेजारी बसून होती. कार्ड वाचून मी तिला सांगितलं की बाबांना तेच होतं जे दादाला आहे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “तें भुरग्यांकय जाता?”

होय, महोदय. पोरांनाही होतं. वडिलांना किंवा भावाला हा रोग असेल तर माणसाचा धोका साधारण दुप्पट होतो. भावाला असेल तर वडिलांपेक्षाही थोडा जास्त. दोघांना असेल तर आणखी वाढतो, आणि त्यांना कमी वयात झाला असेल तर त्याहूनही. मी तिसरा. बाप आणि भाऊ दोन्ही माझ्या खात्यात जमा.

आणि हे फक्त पुरुषांच्याच बाजूने येतं असंही नाही. डॉक्टरांनी मला पुढचा प्रश्न विचारला तो आईच्या माहेरचा. मावशी, आजी, मामेबहीण, कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग? मी चक्रावलो. माझ्या लघवीशी मावशीचा काय संबंध? संबंध असा की बीआरसीए २ नावाचं एक जनुक आहे. त्यात दोष असेल तर घरातल्या बाईला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, आणि त्याच घरातल्या पुरुषाला प्रोस्टेटचा. पुरुषाला झाला तर तो अनेकदा लवकर होतो आणि जोरात वाढतो. दोष आईकडूनही येऊ शकतो, बापाकडूनही. रोग शरीरात पसरलेल्या रुग्णाची ही जनुकीय चाचणी करावी असं आता मार्गदर्शक तत्त्वांत आहे, कारण दोष निघाला तर त्याच्यावर चालणारं वेगळं औषधही आहे. दादाने ती करून घेतली. अहवाल काय आला ते त्याचं तो सांगेल. ज्यांना सांगायला हवं त्यांना त्याने सांगितलं आहे, आणि या घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं.

माझं स्वतःचं थोडक्यात. ५६ व्या वर्षी रक्त दिलं. आधी दोन दिवस सायकल चालवायची नाही, बायकोजवळ जायचं नाही, लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तो बरा झाल्याशिवाय तपासायचंच नाही, अशा सूचना होत्या, कारण या सगळ्याने आकडा वर जातो. आकडा आला ५.१. त्या रात्री मी मनातल्या मनात पोफळींची वाटणी केली. डॉक्टरांनी सुई उचलली नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त, तेव्हा ३.८. मग एमआरआय. त्याला एक ते पाच असे गुण देतात, पाच म्हणजे दाट संशय. मला दोन मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा कमी गुण मिळाल्याचा आनंद झाला. बायॉप्सी झाली नाही. आता वर्षातून एकदा रक्त देतो. गुदद्वारातून बोटाने तपासायची वेळ आली तेव्हा तीही करून घेतली, अर्ध्या मिनिटाचं काम. आमच्या भजनी मंडळात याबद्दल जी दंतकथा प्रचलित आहे तिच्यात काही अर्थ नाही, हे मी मंडळात सांगितलंही. पाच मिनिटं कोणी टाळ उचलला नाही.

आता आपण म्हणाल, मग मास्तरांना हवं आहे ते शिबिर. नको आहे. उलट हात जोडून सांगतो, शिबिर लावू नका. आपल्याकडे नेत्याचा वाढदिवस आला की मांडव पडतो, केक कापला जातो आणि मांडवाच्या कोपऱ्यात साखर, रक्तदाब, चष्मे. तिथे पीएसएची बाटली ठेवली तर ७८ वर्षांचे आजोबाही रांगेत उभे राहतील, आणि आकडा हातात घेऊन घरी जाऊन झुरतील. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की ७० नंतर सरसकट पीएसए करू नये, आणि ५५ ते ६९ मध्ये माणसाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं. त्याला कारण आहे. हा रोग बऱ्याचदा इतका सुस्त असतो की त्याच्याआधी माणूस दुसऱ्याच कशाने जातो. तो शोधून काढून शस्त्रक्रिया केली तर काहींच्या वाट्याला लघवी न थांबणं आणि पुरुषत्व जाणं येतं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ग्रंथीपुरता मर्यादित रोग असलेल्या पुरुषांना कोणी शस्त्रक्रिया, कोणी किरण, कोणी नुसती देखरेख अशी वाटणी करून १५ वर्षं पाहिलं. तिन्ही गटांत मिळून या रोगाने गेले ते शंभरात तीनच. म्हणजे रोग निघाला की लगेच कापा, असंही नाही.

तपासणीने जीव वाचतात का? वाचतात, पण थोडे, आणि वेळ लागतो. युरोपातल्या आठ देशांत ५५ ते ६९ वयाच्या सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांचा अभ्यास १९९३ पासून चालला. २३ वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २०२५ मध्ये आला. तपासणीला बोलावलेल्यांत या रोगाचे मृत्यू १३ टक्के कमी. दर ४५६ जणांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. गणिताच्या मास्तराला हा आकडा उगाच फुगवता येत नाही आणि उगाच दाबताही येत नाही.

पण हा हिशेब सर्वसाधारण पुरुषांचा आहे. ज्याचा धोका मुळात दुप्पट किंवा त्याहून जास्त, त्याच्यासाठी तराजूचं पारडं हलतं. किती हलतं यावर तज्ज्ञांत एकमत नाही, हेही आपल्यापासून लपवत नाही. युरोपातले मूत्ररोगतज्ज्ञ घराण्यात रोग असलेल्यांना ४५ पासून आणि बीआरसीए २ दोष असलेल्यांना ४० पासून बोलवा म्हणतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने २०२५ च्या नोव्हेंबरात काढलेल्या मसुद्यात मात्र ४५ ते ६१ वयाच्या, बीआरसीए दोष सिद्ध झालेल्या पुरुषांनाच दर दोन वर्षांनी बोलवायचं सुचवलं. नुसता वडिलांना होता म्हणून सरसकट आमंत्रण नको, असं त्यांचं मत पडलं. त्याच देशात ख्रिस हॉय हा ऑलिंपिकमध्ये सहा सुवर्णपदकं मिळवलेला सायकलपटू आहे. खांदा दुखतो म्हणून तपासायला गेला तर वयाच्या ४७ व्या वर्षी हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग सापडला. त्याच्या आजोबांना होता, वडिलांनाही होता. आपलं दुखणं उघड केल्यापासून तो हीच मागणी करत फिरतो आहे की घराण्यात रोग असलेल्यांकडे लवकर बघा. मसुद्याचं पुढे काय व्हायचं ते होवो. सरसकट आमंत्रणाचा वाद मोठ्या लोकांनी करावा.

माझं मागणं आमंत्रणाच्या अलीकडचं आहे. ज्या माणसाला ठरवायचं आहे, त्याला ठरवण्यासारखं काही आहे एवढं तरी कळू द्या. दादाला निवडीची संधी मिळालीच नाही. ४५ व्या वर्षी तपासून काहीच निघालं नसतं, कदाचित ५५ व्या वर्षी निघालं असतं, कदाचित त्याने तपासलंच नसतं. पण तो ‘हाडांची कीड’ घेऊन जगला.

देशात ३० वर्षांवरच्या माणसांसाठी आरोग्य कर्मचारी जो तक्ता भरतात, त्यात घराण्याचा एक प्रश्न आधीच आहे : आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का? जागा आहे, प्रश्न आहे, पेन आहे. कर्करोगाचं नाव तेवढं नाही. गोव्यापुरती तिथे एक ओळ वाढवायला किती खर्च येईल? वडील किंवा भाऊ यांना प्रोस्टेटचा, आई, बहीण किंवा मावशी यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, कोणत्या वयात? आणि सोबत एक उपप्रश्न, जो मला स्वानुभवाने सुचतो : घरात कोणी ‘हाडांच्या आजाराने’ किंवा पाय लुळे पडून गेलं का? आमच्या पिढीच्या बापांचा रोग असाच शोधावा लागेल.

त्याहून महत्त्वाचं ते डिस्चार्ज कार्ड. ज्या पुरुषाला हा रोग निघाला, त्याला घरी पाठवताना त्याच्या हातात एक वेगळं पान द्या. अर्धं पान पुरे. ‘तुमच्या भावांनी आणि मुलांनी वयाच्या ४५ व्या वर्षापासून, आणि घरात एकाहून अधिकांना कमी वयात झाला असेल तर ४० पासून, आपल्या डॉक्टरांशी पीएसएबद्दल बोलावं. बोलताना हे पान दाखवावं.’ हे कोंकणीत आणि मराठीत असावं. भाषावाद इथे काढत नाही, दोन्हींत असावं. इंग्रजी कार्ड ट्रंकेत जातं, हे मी आपल्याला दाखवून दिलं आहे. पानावर ऑपरेशनचं नाव नको, रुग्णाचं नाव नसलं तरी चालेल. बाबांना जे लपवायचं होतं ते त्यांनी लपवून ठेवलं असतं, आणि तरी ते पान काकांच्या हातून आम्हाला मिळालं असतं. रोग सांगणं आणि आपलं शरीर उघड करणं या दोन गोष्टी वेगळ्या करून दिल्या, तर आपल्याकडचे पुरुष पहिली करतील असं मला वाटतं. काका स्वतः बाबांचे सख्खे भाऊ. तपासणीचा विचार त्यांनीही करायला हवा होता, आणि ते बिचारे शपथ सांभाळत बसले.

तिसरं थोडं खर्चाचं आहे. ज्याच्या तक्त्यात ‘होय’ आलं, त्याला वाळपई, पेडणे, काणकोण, कुठेही असो, आरोग्य केंद्रात पंधरा मिनिटं बसून बोलणारं कोणीतरी हवं. रक्त काढण्याआधी. आकडा वाढला तर पुढे काय, वाढला म्हणजे कर्करोग नव्हे, निघाला तरी नुसती देखरेख हाही उपचारच असतो, कोणती गोळी चालू आहे, हे सगळं आधी बोलायचं असतं. रक्ताची चाचणी खासगीत काही शे रुपयांची आहे, ती केंद्रात फुकट झाली तर उत्तमच. पण बोलणारं माणूस नसेल तर चाचणी फुकट देऊ नका. आणि चाचणीच्या चिठ्ठीवर चालू औषधं लिहायची जागा ठेवा. ती नसेल तर दादाचा ३.४ पुन्हा कोणाच्या तरी फाईलला लागेल.

२०२१ पासून आपल्याकडे ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या नावाने स्तनाच्या तपासणीचा उपक्रम सुरू झाला. माझी बायको जाऊन आली, तिच्या बहिणींनाही घेऊन गेली. घरी येऊन मला म्हणाली, “तुमच्यासाठी काय आहे?” तोंडाची तपासणी आहे, म्हटलं. त्या उपक्रमात ज्या बायकांना कर्करोग निघाला, त्यांच्या भावांची आणि मुलग्यांची चौकशी कोणी करतं का, हा प्रश्न मी आपल्यासमोर ठेवतो. तिथून सुरुवात करणं कदाचित सर्वांत सोपं जाईल, कारण बायका सांगतात. आमच्या घरात आजारपणाची खरी वही बहिणीच्या डोक्यात आहे. घंगाळाचा राग विसरून तिनेच मला सांगितलं की बाबांचे एक चुलते पणशीच्या झाडाखाली बसलेले असायचे, त्यांचेही पाय गेले होते.

२०११ च्या जनगणनेत साठीवरच्या माणसांचं प्रमाण केरळमध्ये १२.६ टक्के आणि त्याखालोखाल गोव्यात ११.२ टक्के होतं. आता ते वाढलंच असणार. हा रोग वयाबरोबर वाढतो. जगभरात २०२० मध्ये वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते, ते २०४० पर्यंत २९ लाख होतील असा अंदाज ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये मांडला आहे. आपला हिस्सा त्यात असणारच.

दादा बरा आहे असं म्हणता येत नाही, पण चालतो-फिरतो. महिन्यांच्या अंतराने इंजेक्शन, रोज गोळ्या. अंगावर उन्हाळ्यासारख्या गरम लाटा येतात, चिडतो, वजन वाढलं आहे. यंदाच्या सप्ताहात तो बाबांच्या जागी पखवाजावर बसला. मधे उठून देवळामागे गेला, तेव्हा मंडळातला एक जण हळूच माझ्याजवळ सरकला. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याचा बाप मला आठवतो, कंबर धरून चालायचा. विचारत होता, ती रक्ताची तपासणी कुठे करतात आणि उपाशीपोटी जायचं का. पीएसएसाठी उपाशीपोटी जावं लागत नाही. तेवढं मी त्याला सांगितलं, बाकीचं सांगायला त्याला माझ्या घरी बोलावलं आहे.

माझा मुलगा २९ वर्षांचा आहे, पुण्याला असतो. बाबांच्या कार्डाचा फोटो मी त्याला पाठवला, खाली तारीख आणि वय लिहून. दादाच्या दोन मुलांनाही पाठवला. वर लिहिलेलं अर्धं पान मी माझ्यापुरतं तयार केलं आहे, तेही सोबत जोडत आहे. त्यातली वैद्यकीय भाषा आपल्या तज्ज्ञांनी तपासून दुरुस्त करावी, शुद्धलेखनाची जबाबदारी माझी.

आपला विश्वासू,
सत्तरीतला एक हायस्कूल शिक्षक

सोबत :
वडिलांच्या डिस्चार्ज कार्डाची छायाप्रत, १९९८ (नाव व इस्पितळाचा शिक्का झाकून)
अर्ध्या पानाचा नमुना, मराठी व कोंकणी